रोहूवरचे लाल चट्टे आणि जिवाणूंची गणपूर्ती

प्रश्न (कुही तालुका, जि. नागपूर): शेततळ्यातल्या रोहूच्या अंगावर लाल चट्टे आलेत, आठवड्यात दहा-बारा मासे मेले. साडू रायगडात जिताडा पाळतो. तो म्हणतो, जिवाणू एकमेकांशी बोलून रोग करतात आणि त्यांचं बोलणं तोडणारी पावडर मिळते. टाकू का?

उत्तर: भाऊ, साडू अर्धं खरं सांगतो. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदारांची गणपूर्ती लागते, तशी जिवाणूंनाही लागते. (गणपूर्तीशिवाय तहकूब सभा उरकायची पळवाट मात्र त्यांच्याकडे नाही.) प्रत्येक जिवाणू पाण्यात थोडं रसायन सोडत राहतो. संख्या कमी असली की ते विरून जातं, दाटी झाली की साचतं, आणि मग सगळे एकदम कामाला लागतात. 1970 मध्ये हे समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंत दिसलं: विरळ असताना अंधार, दाटले की उजेड. समुद्री माशांना रोग करणारे व्हिब्रिओ जातीचे जिवाणूही असेच संकेत वापरतात, चिकट थर बांधायला आणि मांस विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडायला. पण गोष्ट सरळ नाही. व्हिब्रिओ हार्वेयी दाटी झाल्यावर आपली काही हत्यारं उलट म्यान करतो. व्हिब्रिओ अँग्विलारमचा एक संकेत प्रयोगात बंद पाडला, तरी मासे मरायचे थांबले नाहीत.

तुमच्या गोड्या पाण्यात पहिला संशय एरोमोनास या जिवाणूवर. तोही हीच भाषा बोलतो. काही बॅसिलस जिवाणू हा संकेत तोडतात हे प्रयोगशाळेत सिद्ध आहे, पण पुडीवर जिवाणूचं नाव आणि संख्या छापलेली नसेल तर पैसे घालू नका. गणपूर्तीच होऊ न देणं स्वस्त पडतं.

मेलेले मासे रोज काढून बांधापासून लांब, चुना टाकून पुरा. दोन दिवस खाद्य बंद. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, तिथेच जिवाणूंची पंगत बसते. पहाटे ऑक्सिजन मोजा; लिटरमागे 4 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर एरेटर लावा किंवा ताजं पाणी सोडा. पाण्याचा सामू (pH) 7 च्या खाली असेल तरच चुना. साडेआठच्या वर असताना चुना टाकलात तर अमोनिया जास्त विषारी होतो. अँटिबायोटिक मनाने नको.

तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात दाखवायला जिवंत, आजारी मासा न्या. मेलेल्यात भलतेच जिवाणू वाढतात. सोबत बोटुकली (बोटभर पिल्लं) किती सोडली होती तो आकडा न्या. खरा, अनुदानाच्या अर्जातला नव्हे.