पेन्शन शंभर टक्के, मग सांभाळणाऱ्याचे पैसे कुठे?

प्रश्न : माझे पती मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. ड्यूटीवर मणक्याला मार लागला, कमरेखाली हालचाल नाही. १०० टक्के अपंगत्वाची पेन्शन मिळते. अंघोळ, कपडे, लघवीची नळी, रात्री कूस बदलणं सगळं मीच करते. आता माझीच कंबर धरते. माणूस ठेवायला सरकार वेगळे पैसे देतं म्हणतात, ते आम्हाला का नाहीत?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : वहिनी, बरोबर ऐकलंत. त्याला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स म्हणतात. १ जुलै २०१७ पासून तो महिना ६,७५० रुपये झाला, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की त्यात पाव हिश्शाची भर पडते. तो टप्पा जानेवारी २०२४ मध्ये आला.

पण १०० टक्के लागले म्हणून हा भत्ता आपोआप येत नाही. ‘याला कायम मदतनीस हवा’, आणि तोही सेवेतल्या त्याच दुखापतीमुळे हवा, असं मेडिकल बोर्डानं, म्हणजे अपंगत्व तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळानं, लिहावं लागतं. म्हणून आधी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि बोर्डाचे कागद काढा. शिफारस असूनही पीपीओत भत्ता नसेल, तर रेजिमेंटच्या जवानांचे कागद ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला दोन्हींच्या प्रती जोडून लिहा. शिफारसच नसेल, तर बोर्डाकडून पुन्हा तपासणीची मागणी करा.

रेकॉर्ड ऑफिसात नोकरी झाली माझी, कागद खूप पाहिले. आमचा गडी समोर कर्नल डॉक्टर दिसला की खुर्चीतसुद्धा सावधान होतो. “कसं चाललंय?” “ठीक आहे साहेब!” झालं, तेच कागदावर उतरतं. तेव्हा साहेबांना दुखवायचं नाही, पण बोलायचं तुम्ही. पाठीला जखमा होतात का, नळी कोण बदलतं, संडासला कोण उचलतं, रात्री किती वेळा उठता, सगळं. लाजू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून हेच लेखी घेऊन ठेवा.

तुमचे पती सरकारी इस्पितळात किंवा खडकीच्या पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांच्या) केंद्रासारख्या ठिकाणी दाखल असतील, तेवढ्या काळाचा भत्ता मिळत नाही. तो कापला गेला तर घाबरू नका, मात्र घरी आल्यावर सुरू झाला ना, ते बघा.

अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका.