नव्या घरात पहिली वाकळ

खोकी अजून फोडायचीत आणि तुला वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायचीय? मग शीव की! खोकी कुठं पळून जात नाहीत. भांडी गुंडाळून आणलेल्या जुन्या सुती साड्या तेवढ्या बाजूला काढ. धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडातून सुई सहज जाते. त्यात नायलॉन मिसळू नकोस. सुती आटतं, ते आटत नाही, मग वाकळ फुगते. नवं कापड आधी भिजवून वाळव.

सुरुवातीला दुपट्याएवढीच घे. थर फरशीवर पसर, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढ, मोठ्या टाक्यांनी टाचून घे आणि मगच धावदोरा. कडेपासून चौकोनात आत आत येत जा. दोरा हातभरच, लांब घेतलास की गुंता ठरलेला. टाका वाकडा पडला तर उसवत बसू नकोस, वाकडा टाकाही थर धरतो.

शिवताना दार उघडं ठेव. कोल्हापुरात वाकळ पसरलेली दिसली की गल्लीतली एखादी आजी टाके बघायला येतेच, आणि दोन चुका काढल्याशिवाय जात नाही. चहा टाक तिला.

मोठी वाकळ नंतर, तीही उन्हाळ्यात. इथल्या पावसात धुतलेली जाड वाकळ लवकर वाळत नाही.