जुनी फुटबॉल कार्डं नागपुरात वाकतात, पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात. काय करावं?

नागपुरात कार्डांचा पहिला शत्रू पाऊस नाही, कूलर. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी आणि कूलरच्या खोलीत दमट. कागदाचे तंतू एका बाजूने फुगतात नि कार्ड वाकतं. म्हणून डबा कूलर नसलेल्या आतल्या खोलीत ठेवा. गच्चीखालचा माळा नकोच.

प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये घाला. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं टाळा. त्यातलं प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, कालांतराने छपाईला चिकटतं. हवाबंद डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५ ते ५० टक्क्यांवर असू द्या. डांबरगोळ्या अजिबात नकोत. वाकलेलं कार्ड दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तकं ठेवा, आठवडाभर. इस्त्री फिरवू नका, वरचा थर उचकटतो. चिकटलेली कार्डं ओढून सोडवू नका.

खेळाडूंच्या नोंदी वेगळ्या वहीत करा, कार्डामागे पेनाने नव्हे. पानिनी या इटालियन कंपनीच्या, १९७०च्या विश्वचषकावरच्या 'मेक्सिको ७०' मालिकेतल्या जर्मनीच्या गेर्ड म्युलरपुढे १० गोल, ब्राझीलच्या जाइर्झिन्योपुढे प्रत्येक सामन्यात गोल, इंग्लंडचा गोलरक्षक गॉर्डन बँक्सपुढे पेलेचा तो अडवलेला हेडर, एवढं लिहिलं तरी कार्डावरचा चेहरा बोलू लागतो.