‘लेंट’ साजरा करतात की पाळतात?

एका कॅथलिक शाळेच्या वार्षिक अहवालातील ‘शाळेत लेंटचा सण उत्साहात साजरा झाला व विद्यार्थ्यांनी दानधर्म केला’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘लेंट’ला, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती व्रतकाळाला, मराठी शब्द कोणता, अशी विचारणा झाली आहे.

प्रथम क्रियापदाविषयी. मराठीत सण साजरा होतो, व्रत मात्र पाळले जाते, आणि लेंट हा उघडच दुसऱ्या वर्गातला आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून सुरू होणाऱ्या आणि ईस्टरपर्यंत, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, नेणाऱ्या या काळात धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत) ‘आलेलुया’ हा आनंदाचा स्तुतिघोष गायिला जात नाही आणि शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ या भक्तीच्या चौदा स्थानांवर येशूच्या दुःखसहनाचे चिंतन होते. अशा काळाला ‘सण’ आणि ‘उत्साहात’ हे दोन्ही शब्द शोभत नाहीत. (येशूच्या मृत्यूचे स्मरण करणाऱ्या गुड फ्रायडेच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ देणारे फलक याच गफलतीतून लागतात.)

नावाचे म्हणाल, तर वसईकडच्या मराठी ख्रिस्ती लेखनात ‘उपवासकाळ’ आणि ‘प्रायश्चित्तकाळ’ असे दोन्ही शब्द आढळतात. गोव्याच्या कोंकणीत ‘कोरेज्म’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’वरून आला असून त्याच्या मुळाशी ‘चाळिसावा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत खरे तर ४६ दिवस होतात. मधले ६ रविवार वगळले की ४० उरतात, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने तो उपवासात धरत नाहीत.

शाळेच्या संदर्भात मी ‘प्रायश्चित्तकाळ’ पसंत करीन. ‘उपवास’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर साबुदाण्याची खिचडी येते, तर कॅथलिक उपवासात दिवसातून एकदाच पोटभर जेवायचे असते आणि मांस वर्ज्य करणे हा त्याहून वेगळा नियम आहे. शिवाय चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार मांसत्यागाचे बंधन वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते, म्हणजे शाळकरी मुलांपैकी जवळजवळ कोणालाच उपवास बंधनकारक नसतो. त्यांच्या वाट्याला येतो तो स्वखुशीचा लहानसा त्याग, उदाहरणार्थ खाऊचे पैसे वर्गातल्या पेटीत टाकणे.

येथेच ‘दानधर्म’ हा शब्द मला अपुरा वाटतो. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास लागोपाठ येतात आणि प्रायश्चित्तकाळात ही तिन्ही एकमेकांना बांधलेली असतात: स्वतः जे सोडले तेच दुसऱ्याला द्यायचे. पालकांकडून आणलेल्या पैशांना ‘वर्गणी’ किंवा ‘देणगी’ म्हणता येईल, पण मुलाने स्वतःचा खाऊ टाळून दिलेल्या पैशांना ‘त्यागातून दिलेले दान’ असे सविस्तर म्हणणेच योग्य. त्याच अध्यायात उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये असेही सांगितले आहे. तेव्हा धान्याच्या पिशव्या देतानाची छायाचित्रे अहवालात किती छापावीत, हे संपादकांनी ठरवावे.

आणखी एक बारकावा कर्त्याचा. महाराष्ट्रातील कॅथलिक शाळांत अन्य धर्मांची मुलेही मोठ्या संख्येने शिकतात आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणून सरसकट ‘विद्यार्थ्यांनी’ न लिहिता वाक्य असे करावे: ‘प्रायश्चित्तकाळ पाळताना कॅथलिक विद्यार्थ्यांनी क्रुसाच्या वाटेची भक्ती केली आणि त्यागातून जमवलेल्या दानात इतर विद्यार्थीही स्वेच्छेने सहभागी झाले.’