काळ्या नखातली शीर

प्रश्न : आमचा काळू, लॅब्राडोर, ३ वर्षांचा. नखं काळीकुट्ट. घरी कापताना रक्त आलं. आता कटर दिसला की पलंगाखाली! काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, माझ्या हातूनही आमच्या राणीचं नख असंच कापलं गेलं होतं. ती विसरली, मी नाही! नखात जिवंत शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही. म्हणून एका वेळी १-२ मिलिमीटरच कापा आणि कापलेली बाजू बघा. कोरडी, खडूसारखी असेल तर अजून वाव आहे. मधोमध ओलसर गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर लावून काही मिनिटं दाबून धरा. थांबलं नाही, तर डॉक्टरांकडे न्या.

पण आधी भीती घालवा. आठवडाभर कटर नुसता शेजारी ठेवून खाऊ द्या. मग एका दिवशी एकच नख. आतल्या बाजूचा अंगठा विसरू नका. त्याचं नख जमिनीला घासत नाही, वाढलं की वळून मांसात रुतू शकतं. आणि माणसांचा नेलकटर वापरत असाल तर आजच बाजूला ठेवा, त्याने नख चिरडतं.