केसपेपर मी काढतो

सोलापूर,
शुक्रवार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा गड्ड्याच्या जत्रेत भेटलीस. धाकट्या भावाला पाळण्यात बसवून खाली उभी होतीस. कसं चाललंय विचारलं, तर म्हणालीस, "बरं आहे सर." चार वर्षं तुला शिकवलंय, गृहपाठ केलेला नसायचा तेव्हाही तू अशीच "बरं आहे" म्हणायचीस. रात्री आपणहून फोन केलास ते फार चांगलं केलंस. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

तू विचारलंस, कशातच मन लागत नाही, हा आळस आहे की आजार? दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, कशातच गोडी नाही, झोप आणि भूक बिघडलेली, रोजची कामं अडलेली, असं असलं की डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुला तर असं होऊन दीड महिना झाला. पण निदान मी करायचं नाही आणि तूही नाही. थायरॉइड बिघडलं किंवा अंगात रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. त्यामुळे आधी तपासणी.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणाला ताप आला की संध्याकाळपर्यंत चार घरांतून पेज येते. मनाचं दुखणं मात्र दाराआडच राहतं. माझ्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा ते सहा महिने ओट्यावर बसून होते. हातातल्या घड्याळाला चावी देणंही त्यांनी सोडलं होतं. घरात म्हणायचे, "लक्ष नाही त्यांचं." पुढे शिंदी पिणं सुरू झालं आणि मग सगळ्यांना कळलं, पण शिंदीच कळली. त्या दिवसांत एकच शेजारी रोज पहाटे यायचे आणि वडिलांना सिद्धेश्वर तलावाभोवती फिरवून आणायचे. उपदेश नाही, काही नाही. नुसते बरोबर चालायचे. वडील पूर्ण बरे झाले असं म्हणणार नाही, पण त्या फेरीमुळे ते माणसांत राहिले. एवढं असूनही त्यांना डॉक्टरकडे न्यावं हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

लोक बोलणारच नाहीत असं खोटं सांगणार नाही. बोलतील. "हिचं लग्न कसं जमायचं" हेही निघेल. म्हणून सगळ्या गल्लीला सांगत बसू नकोस. दोन माणसं निवड: ऐकून घेतील आणि पुढे सांगणार नाहीत अशी. ओट्यावर बसून दुसऱ्यांची गुपितं सांगणारी काकू कितीही प्रेमळ असली तरी तिला नको. माझ्या मते तुझी आई हवीच. विड्या वळताना तिच्या शेजारी बस, दोघींचे हात चालू असले की बोलणं सोपं जातं. ती मराठी बोलते, पण रडायला तिला तेलुगूच लागते. तेव्हा तिच्याशी घरच्याच भाषेत बोल. तिलाही कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, नंबर तिला दे. सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात सुरू केलेली ही सेवा आहे. फुकट, दिवसरात्र, आणि भाषा निवडता येते. मराठी आहे, तेलुगूही आहे.

आता एक सरळ विचारतो, रागावू नकोस. जगणं नको, मरून जावं असं मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट येत असेल तर बोलायला वाट मिळते. बुधवारी आपण दवाखान्यात जायचंच आहे, पण असं येत असेल तर बुधवारची वाट बघायची नाही. आईला उठव, मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मी उचलला नाही तर 14416 आहे, आणि जिवाला धोका वाटला तर 108 ला फोन करून थेट सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात. पोलिसांची भीती धरू नकोस. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा असा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखालचा माणूस मानतो आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतो. डॉक्टरांनी तुझी माहिती गुप्त ठेवायची, हेही त्याच कायद्यात आहे.

गोळ्यांचं थोडं सांगतो, कारण निवृत्तीनंतर मीही घेतल्यात. (हे तुझ्या वर्गातल्या कुणाला माहीत नाही. आता तुला आहे.) नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मी दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बंद केली आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, मात्र मनाने एकदम सोडायच्याही नाहीत. सवय लागू शकते ती झोपेच्या काही गोळ्यांची. तेव्हा मेडिकलवाल्याला विचारून झोपेची गोळी आणायची नाही. आणि सगळ्यांनाच गोळ्या लागतात असंही नाही, काहींचं समुपदेशनावर भागतं.

बुधवारी सकाळी साडेआठला सिव्हिलच्या गेटपाशी ये. केसपेपर मी काढतो, मानसोपचार विभाग मला माहीत आहे. आत डॉक्टरांसमोर तू एकटीच जा, मी बाहेर बाकावर बसतो. आधारकार्ड आण, आणि आधीचे काही रिपोर्ट असले तर तेही. रांग मोठी असते, तेव्हा खाऊन ये. आई आली तर तिच्या हातची शेंगाचटणी आणि दोन कडक भाकरी जास्तीच्या बांधायला सांग; मला घरी आता तिखट मिळत नाही.

तुझा,
सर