सातांत एकाला मायग्रेन? मग आमच्या ऑफिसात दिसत का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'दर सात माणसांमागे एकाला मायग्रेन असतो असं वाचलं. आमच्या ऑफिसात तीनशे लोक आहेत, म्हणजे चाळीस-एक जण निघायला हवेत. मला तर दोघं-तिघंच माहीत आहेत. आकडा फुगवलेला आहे का?'

नाही. तुमच्याकडेही चाळीसच्या आसपासच असतील. मी आरोग्य सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या बनवण्याचं काम करते, त्यामुळे ही शंका माझ्या ओळखीची आहे. मायग्रेनची टक्केवारी पहिल्यांदा ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ती जास्तच वाटते. अपवाद फक्त ज्यांना स्वतःला तो आहे त्यांचा.

सातांत एक हे प्रमाण आजारांच्या जागतिक भाराचा जो मोठा अभ्यास चालतो, त्यातलं आहे. २०१६ सालच्या अंदाजानुसार जगभरात साधारण १०४ कोटी लोकांना मायग्रेन होता. वयाचा फरक जुळवून घेतल्यावर हे प्रमाण १४.४ टक्के येतं, स्त्रियांमध्ये १८.९ आणि पुरुषांमध्ये ९.८. पण देशागणिक पाहायला गेलात तर गोंधळ उडेल. जपानच्या १९९७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ८.४ टक्के, अमेरिकेत २००४च्या मोठ्या पाहणीत ११.७ टक्के आणि कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तब्बल २५.२ टक्के. देशादेशांत खरा फरक असणारच, पण या तफावतीचा बराच भाग डोक्यात नसून प्रश्नावलीत असतो, असं माझं मत आहे.

मायग्रेन रक्त तपासून कळत नाही, स्कॅनमध्येही दिसत नाही. माणूस काय सांगतो त्यावरच निदान ठरतं. १९८८ साली आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने निकष ठरवून दिले, त्याआधी प्रत्येक संशोधकाचा मायग्रेन वेगळा होता. आता निकषांची तिसरी आवृत्ती चालू आहे. त्यांचा गाभा असा: निदान पाच वेळा असा त्रास झालेला हवा, उपचार न घेतल्यास तो चार तास ते तीन दिवस टिकायला हवा, एका बाजूला दुखणं, ठणकणं, मध्यम ते तीव्र वेदना, चालण्या-चढण्याने वाढणं यांपैकी दोन गोष्टी हव्यात, शिवाय मळमळ किंवा उलटी तरी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हायला हवेत. यातली एकच अट हुकली तर त्याला 'संभाव्य मायग्रेन' म्हणतात. ही संभाव्य मंडळी मोजायची की सोडायची, एवढ्या एका निर्णयावर टक्केवारी कितीतरी वरखाली होते.

दुसरी मेख काळाची. कोपनहेगनमधल्या एका गाजलेल्या अभ्यासात 'आयुष्यात कधीतरी' मायग्रेन झालेल्या स्त्रिया २५ टक्के निघाल्या. त्याच स्त्रियांचं 'गेल्या वर्षभरात' हे प्रमाण १५ टक्के होतं. दोन्ही आकडे बरोबर. बातमीत मात्र काळ गाळून नुसती टक्केवारी छापतात, तेव्हा कुठलाही आकडा वाचताना आधी तेवढं शोधा. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य पाहणीत तर 'गेल्या तीन महिन्यांत तीव्र डोकेदुखी किंवा मायग्रेन' असा एकत्रच प्रश्न असायचा. साहजिकच उत्तर १५ टक्क्यांच्या आसपास यायचं, नुसत्या मायग्रेनपेक्षा जास्त.

'हल्ली स्क्रीनमुळे मायग्रेन वाढलाय' हे तुम्ही विचारलेलं नाही, पण खाली कोणीतरी लिहीलच. अमेरिकेत जवळपास सारख्याच पद्धतीने १९८९ आणि २००४ साली मोजणी झाली. स्त्रिया १७.६ टक्क्यांवरून १७.१, पुरुष ५.७ वरून ५.६. त्या पंधरा वर्षांत संगणक टेबलाटेबलावर येऊन बसला, तरी आकडा जागचा हलला नाही. मोबाइलच्या काळाबद्दल यातून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण दवाखान्यातली गर्दी वाढली म्हणजे आजार वाढला, असं मी तरी सहजासहजी मानत नाही.

दवाखान्यातल्या गर्दीने पूर्वीही फसवलंय. मायग्रेन हे हुशार, शिकलेल्या लोकांचं दुखणं अशी समजूत बरीच वर्षं होती, कारण डॉक्टरांकडे तीच माणसं पोचत होती. घरोघरी विचारायला सुरुवात झाली तेव्हा तो रुबाब गेला. अमेरिकेच्या पाहण्यांत तर उलटंच दिसलं: उत्पन्न जितकं कमी तितका मायग्रेन जास्त. गरिबीमुळे मायग्रेन होतो की मायग्रेनमुळे कमाई घटते, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता तुमचे तीनशे. ऑफिस म्हणजे देशाचा नमुना नव्हे. लहानपणी मुलगे-मुली साधारण सारखेच असतात, वयात आल्यावर स्त्रियांचं प्रमाण झपाट्याने वाढतं, तिशी-चाळिशीत ते सर्वाधिक असतं आणि पुढे उतरतं. म्हणजे नेमकं नोकरीचं वय. दीडशे स्त्रिया आणि दीडशे पुरुष धरले, तर अमेरिकेच्या आकड्यांनी ३४-३५ जण येतात आणि जागतिक आकड्यांनी ४३. बायका जास्त असतील तर आणखी.

मग ते दिसत का नाहीत? एक तर त्यातल्या अनेकांना स्वतःलाच ठाऊक नसतं. अमेरिकेसारख्या देशातही निकषांत बसणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच डॉक्टरांनी तसं सांगितलेलं होतं. बाकीच्यांसाठी ते 'पित्त', 'चष्म्याचा नंबर' किंवा 'सायनस' असतं. आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांची एकदा नीट तपासणी केली, तर ८८ टक्के लोक मायग्रेनच्या किंवा संभाव्य मायग्रेनच्या निकषांत बसले.

आणि दुसरं म्हणजे बहुतेकांना हा झटका महिन्यातून एक-दोनदा येतो. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखणारे, ज्याला जुनाट मायग्रेन म्हणतात, ते लोकसंख्येत एक-दोन टक्केच. चाळीस माणसं, प्रत्येकी महिन्याला दीड झटका, एक झटका साधारण दिवसभराचा असा ढोबळ हिशेब मांडलात, तर कुठल्याही एका दिवशी तुमच्या ऑफिसात दोघांचं डोकं फुटायला आलेलं असेल. त्यातला एक बहुधा 'तब्येत बरी नाही' एवढाच निरोप पाठवून घरी अंधार करून पडलेला असतो आणि दुसरी गोळी घेऊन मीटिंगमध्ये बसलेली असते.